फक्त उतरण्यासाठी

“मी हरकत विचारली नव्हती, मत विचारलं होतं,” बायको म्हणाली आणि कप विसळायला घेऊन गेली. कप त्याचा होता आणि त्यात अर्धा चहा शिल्लक होता. तो टेबलाशी तसाच बसून राहिला, बोटं अजून कपाच्या आकारात वळलेली. खरं तर तो काही वावगं बोलला नव्हता. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. कारखान्याची नवी शाखा एका लांबच्या शहरात निघत होती आणि तिथली सगळी तपासणी तिच्या हाताखाली द्यायचं घाटत होतं. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. गेले कित्येक दिवस ती हा विषय काढायची आणि तो पाणी प्यायला उठायचा. इतकं पाणी तो आयुष्यात कधी प्यायला नव्हता. आज तिने तांब्याच आपल्याकडे ओढून घेतला आणि सरळ विचारलं: तू येणार, की मी एकटीने जाऊ, की जाऊच नको? तुला काय वाटतं? त्याने बराच विचार केला, कुणाचं मन दुखणार नाही अशा बेताने घसा साफ केला आणि सांगितलं की माझी हरकत नाही. कशाला, ते मात्र सांगितलं नाही. तिन्ही गोष्टींना नव्हती.

दातात धागा अडकावा तसं ते वाक्य रस्ताभर त्याच्या तोंडात अडकून राहिलं. बसच्या खांबाशी उभं राहून त्याने मनातल्या मनात ते फिरवून पाहिलं. मला चालेल. तू म्हणशील तसं. तुझ्या प्रगतीआड येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हे शेवटचं सुचलं तेव्हा मात्र त्याला बारीकसा घाम फुटला, कारण ‘उद्भवत नाही’ हा शब्द त्याचा नव्हता. तो कार्यालयातून आला होता. कपड्यांना तळणाचा वास लागतो तसा त्याला लागला होता आणि धुऊन जात नव्हता. पूर्वी तो असा बोलायचा का? पूर्वी तो भांडायचा, चुकायचा, चुकल्यावर आणखी मोठ्याने भांडायचा. पहिल्या नोकरीत त्याने एका ओढ्यावर पादचारी पूल बांधला होता. पूल उभा राहिला, पण कठडा यायचा होता, आणि पलीकडे राहणारी एक मुलगी, जी पुढे त्याची बायको झाली, रोज लांबून वळसा घालून अलीकडे येऊन विचारायची की आता जाता येईल का. एके दिवशी तो म्हणाला, चला, मी बाहेरच्या बाजूने चालतो. मधोमध आल्यावर तिने खाली पाहिलं आणि विचारलं की तुम्हाला पोहता येतं का. तो म्हणाला, नाही. ती इतकी हसली की पूल हलल्यासारखा वाटला. पूल हलला नव्हता, चांगला बांधला होता. तो माणूस ‘हरकत नाही’ म्हणाला नसता. किंबहुना त्या माणसाच्या सगळ्याच गोष्टींना कुणाची ना कुणाची हरकत असायची.

हल्ली तो ज्या कार्यालयात बसतो ते म्हाताऱ्या आणि चालता न येणाऱ्या लोकांसाठी आहे. आणि ते उंच जोत्यावर, दमछाक करणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या टोकाला आहे. ही गोष्ट ध्यानात यायला कार्यालयाला पुष्कळ काळ लागला, कारण ध्यानात आणून देणारी माणसं वरपर्यंत पोचत नव्हती. शेवटी एकदा कुणी वरिष्ठ पाय मुरगळलेल्या अवस्थेत तपासणीला आले आणि खालूनच परत गेले. लगेच पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प बांधण्याचं कंत्राट निघालं. ते त्याच्या मालकाला मिळालं आणि काम होईपर्यंत कंत्राटदाराचा एक अभियंता तिथे हजर राहील अशा अटीपायी तो तिथे आला. आला तेव्हा त्याच्या खिशात मोजपट्टी होती आणि बुटांवर सिमेंट. पहिल्याच आठवड्यात त्याने नकाशा काढून दिला. त्यानंतर तो हजर आहे. मालकाला त्याने दोन-चारदा कळवळून सांगितलं की इथे माझं काही काम नाही. मालक समजावणीच्या सुरात म्हणाला की तू फक्त दिसत राहा.

घोडं अडलं ते एका शब्दावर. नकाशा प्रथम गेला वेलांटीबाईंकडे. वेलांटीबाईंचं हे नाव बाकीच्यांनी पाडलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. ते ऱ्हस्व-दीर्घाच्या दृष्टीने बरोबर असल्यामुळे त्यांनी चालू दिलं होतं. मजकूर काय आहे याच्याशी त्यांचं देणंघेणं नसे. घर जळत असल्याची सूचना आली असती तर ‘आग’ ऱ्हस्व-दीर्घात चुकायला जागा नाही म्हणून त्या हिरमुसल्या असत्या. त्यांनी ‘रॅम्प’ हा परका शब्द खोडला आणि स्वच्छ अक्षरात ‘उतार’ लिहिलं. नकाशा मग साहेबांकडे गेला. साहेब सज्जन होते, सावकाश वाचायचे, आणि वाचलेल्या प्रत्येक शब्दाला स्वतंत्र माणूस समजून आदराने वागवायचे. त्यांनी समासात शेरा मारला: ‘उतार दिसतो. चढाचे काय?’

तो हसला. विनोद आहे असं वाटून अगदी मोकळेपणी हसला, आणि हसल्याबद्दल त्याला खुलासा द्यावा लागला. मग त्याने लिहून दिलं की हाच उतार खालून पाहिला असता चढ असतो. त्यावर ‘पाहण्याची जागा निश्चित करावी’ असं आलं. त्याने जागा निश्चित केली तर ‘दोन्ही जागांवरून एकाच वेळी पाहणे शक्य आहे काय’ असं आलं. हे सगळं होत असताना कुणी कुणावर चिडत नव्हतं. खिडकीतून ऊन यायचं, पंखा कण्हायचा, आणि समोरच्या टेबलावरचा, कुठल्याही प्रश्नाला ‘लवकरच’ म्हणणारा आणि म्हणून त्याच नावाने ओळखला जाणारा कारकून रबराने खोडरबराचाच डाग पुसत बसलेला असायचा. अखेर निर्णय झाला: उतारास मंजुरी, चढ विचाराधीन. उतार लोकांना कितपत मानवतो ते पाहण्यासाठी आधी लाकडी फळ्यांचा, भक्कम टेकू दिलेला प्रायोगिक उतार बसवला गेला. पायथ्याशी पाटी लागली, ‘फक्त उतरण्यासाठी’, आणि पाटीकडे लोक बघत नाहीत म्हणून पाटीशेजारी पहारेकरी उभा राहिला. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीतला माणूस आला की पहारेकरी रस्त्यावरची धडधाकट माणसं गोळा करतो, ती खुर्चीसकट त्याला पायऱ्यांवरून वर चढवतात, आणि काम झालं किंवा बहुधा न झालं की तोच माणूस फळीवरून सुळकन खाली येतो. उतार लोकांना उत्तम मानवतो असा अहवाल आहे.

सुरुवातीला घरी गेल्यावर तो हे सगळं करून दाखवायचा. साहेबांचा चष्मा, वेलांटीबाईंची लाल पेन्सिल, लवकरचचं खोडरबर. बायको हसून हसून पोट धरायची आणि म्हणायची, अजून एकदा चढाचं कर. मग कधी तरी त्याने नकला करणं सोडलं, पण वाक्यं चालूच राहिली. नळ कुणी उघडा ठेवला असं तिने विचारलं की तो म्हणायचा, नळ उघडा राहिल्याचे दिसून येते. ती हसायची. भांडी घासण्यात येतील म्हणायचा, तरी हसायची. त्या बोलण्यात एक सुख होतं, हे त्याला हळूहळू कळलं. गोष्टी होत होत्या आणि त्या कुणी करत नव्हतं. नळ राहत होता, दूध उतू जात होतं, वाढदिवस विसरला जात होता. सगळं पावसासारखं आपलं आपण. तिला ताप आला तेव्हा डॉक्टरांकडे नेण्याचे योजले आहे असं तो म्हणाला. ती हसली नाही. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा ती एकटीच बसने जाऊन औषध घेऊन आली होती आणि पंख्याखाली झोपली होती. तिच्या कपाळावर हात ठेवताना त्याला वाटलं होतं की आता काही तरी बोलावं. पण तोंडात जी वाक्यं तयार होती त्यातल्या एकातही ‘मी’ नव्हता.

कार्यालयात शिरून खुर्चीवर बसल्यावर त्याने एक कोरा कागद पुढे ओढला आणि बायकोला संध्याकाळच्या आत काय सांगायचं याचा मसुदा करायला घेतला. मसुदा! पेन टेबलावर ठेवून तो आढ्याकडे पाहत राहिला. यायचं होतं का त्याला? यायचं होतं. हे आतून, पोटातून, इतकं चटकन आलं की तो दचकला आणि कुणी ऐकलं तर नाही म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं. पण मग तिथे जाऊन तो काय करणार, इथलं घर, इथला मालक, आणि नाही जमलं तर तो निर्णय कुणाचा ठरणार? एकटी गेली तर निर्णय तिचा. नाही गेली तरी तिचाच. हरकत नाही म्हणण्यात केवढी सोय होती. आणि मग त्याला रिकामं घर दिसलं. घर नव्हे, फक्त मोरी. तिथे एकच टूथब्रश, आणि त्याने दात कोण घासतंय ते दिसत नव्हतं.

जेवणाची वेळ झाली होती. पाय मोकळे करावेत म्हणून तो बाहेर आला तर पायथ्याशी चाकाच्या खुर्चीत एक आजोबा बसलेले. डोक्यावर टोपीऐवजी दुमडलेलं वर्तमानपत्र, मागे त्यांची सून. ही तिसरी खेप असावी, कारण पहारेकऱ्याशी त्यांची ओळख झाली होती. पहारेकरी त्यांना सांगत होता की धडधाकट माणसं सगळी जेवायला गेली आहेत, दोनच मिळाली, आणि त्यातल्या एकाची कंबर धरली आहे. तेव्हा थोडं थांबा. सुनेने फळीकडे बोट करून विचारलं की ही वर जात नाही का. पहारेकरी प्रामाणिक माणूस होता. तो म्हणाला, जाते, पण तिला तशी परवानगी नाही. आजोबा म्हणाले की मी इतकी वर्षं वर जाताना स्वतः चढलो आणि खाली येताना लोकांनी ढकललं, इथे बरोब्बर उलटं आहे, म्हणून मला यायला आवडतं. सून हसली नाही. तिच्या मानेवर घाम होता आणि तिने अर्ध्या दिवसाची रजा काढलेली होती, ते तिच्या घड्याळाकडे बघण्यावरून कळत होतं. तिने त्याला पाहिलं. त्याच्या खिशातून मोजपट्टी डोकावत होती म्हणून असेल, किंवा दुसरं कुणी नव्हतं म्हणून, तिने त्यालाच विचारलं.

“काय करायचं, तुम्हीच सांगा हो दादा.”

घशात शब्द वर येताना त्याला जाणवले, ओळखीचे, गुळगुळीत, हजारदा वापरलेले. बघू. बसा. वरिष्ठांना विचारून. त्याने तोंड उघडलं आणि त्याचा त्यालाच पत्ता नसताना भलतंच बाहेर आलं. नेतो मी, असं तो म्हणाला. खुर्चीच्या मुठी त्याच्या हातात होत्या. तापलेल्या, थोड्या चिकट. पहारेकरी आडवा आला नाही. त्याने फक्त काळजीने विचारलं की कुणाच्या सांगण्यावरून नेलं म्हणून सांगू.

“माझ्या.”

“तुम्ही म्हणजे कोण, असं विचारतील.”

“मग तेही त्यांनाच शोधू दे,” तो म्हणाला आणि ढकलायला लागला. फळ्या करकरल्या. आजोबा दिसत होते त्याहून जड निघाले. त्याच्या पोटऱ्या ताणल्या, बुटांचे पुढचे भाग लाकडात रुतले, आणि अंगातून एक विसरलेली कळ वर सरकली, काम केल्याची. आजोबा पुढे वाकून म्हणाले की दमानं घ्या, मला घाई नाही आणि वरच्यांना तर मुळीच नाही. चढ त्याने स्वतः आखलेला होता, सोपा, पोरानेही ढकलावा असा. तरी वर पोचल्यावर त्याला एवढा दम लागला की सुनेने त्यालाच पाणी दिलं. ते तो प्यायला, आणि त्याच्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच तहान लागली म्हणून पाणी प्यायलो.

जेवायच्या वेळी, उचलणारी माणसं नसताना, म्हातारा मनुष्य आपल्या टेबलासमोर प्रकट झालेला पाहून लवकरचला असा धक्का बसला की त्या भरात त्याने काम करून टाकलं. शिक्का मारल्यावर तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. आजोबा फळीवरून नियमानुसार खाली गेले. पण बातमी त्यांच्या आधीच साहेबांपर्यंत पोचली होती. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, दार लावलं नाही, कारण दार लागत नसे. ते रागावलेले नव्हते. त्यांना दुःख झालं होतं. ते म्हणाले की जो चढ विचाराधीन आहे तो चढला गेला आहे, आता विचार कशाचा करायचा? वेलांटीबाई लाल पेन्सिल घेऊन दारात उभ्या होत्या. या प्रकाराला ‘उलटा उतार’ म्हणता येईल असं त्यांनी सुचवलं. साहेबांनी ते तपासून पाहिलं आणि नको म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मायेचा असा उजेड होता की त्याला बाबांची आठवण झाली. बाबाही असंच गणित सुटल्यावर त्याच्याकडे बघायचे.

“आजोबांचं तोंड कुठे होतं?” साहेबांनी विचारलं.

साहेबांनी पुढे सरकून हळू आवाजात उलगडून सांगितलं: तोंड जर खालच्या दिशेला असेल तर मनुष्य उतरायच्या पवित्र्यात होता. खुर्ची मागे मागे सरकली आणि वर पोचली, तो अपघात. अपघाताला मंजुरी लागत नाही. “तुम्ही एवढंच म्हणा की खुर्ची मागे सरकल्याचे आढळून आले. तुमच्यावर काही येत नाही, माझ्यावर येत नाही, मालकांना कळायचं कारण नाही. तुम्ही आपले इथे बसा निवांत, वर्षानुवर्षं.”

आढळून आले. किती मऊ होतं ते. उशीसारखं. डोकं टेकलं की झालं. खिडकीत तेच ऊन, तोच कण्हणारा पंखा, आणि त्याखाली वर्षानुवर्षं. त्याला स्पष्ट दिसलं की आता मान हलवली तर संध्याकाळी घरीही तो मानच हलवेल. ती जाईल, आणि गेल्याचे आढळून येईल.

“नाही साहेब. तोंड वर होतं,” तो म्हणाला. “मी ढकललं.”

त्या खोलीत ‘मी’ हा शब्द बहुधा फार दिवसांत उच्चारला गेला नव्हता. वेलांटीबाईंनी तो कागदावर असल्यासारखा हवेत पाहिला, आणि मी दीर्घ आहे, बरोबर आहे, असं पुटपुटल्या. साहेब खुर्चीत मागे टेकले. ते म्हणाले की मग माझा नाइलाज आहे, मालकांना दुसरा माणूस पाठवायला सांगावं लागेल. त्याने विचारलं, कधीपासून. साहेबांनी उघड्या दारातून कारकुनाकडे पाहिलं आणि कारकुनाने अर्थातच सांगितलं, लवकरच. म्हणजे हे व्हायला वर्ष लागलं असतं. तोवर त्याला तिथे बसता आलं असतं, काढून टाकण्याच्या वाटेवर, निवांत. हे साहेबांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी दिलासा दिल्यासारखी मान डोलावली.

तो आपल्या टेबलाशी परत आला आणि सगळ्यांच्या देखत बायकोला फोन लावला. कारखान्यात होती. मागे काचा घासणाऱ्या चाकांचा सूं सूं आवाज.

“बोल,” ती म्हणाली. सकाळचाच आवाज, कोरडा.

“मी येतो.”

“आत्ता? आणि ऑफिस?”

“आत्ता पण. पण ते नाही. तिकडे येतो, त्या गावाला. तुझ्याबरोबर. तू हो सांगून टाक.”

चाकं फिरत राहिली. मग कुणी तरी दार लावल्यासारखा आवाज बारीक झाला. ती म्हणाली की मी भांडले म्हणून येऊ नकोस. तो म्हणाला, नाही, मला यायचंय, सकाळीसुद्धा यायचं होतं. मग बोलला का नाहीस, असं तिने विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता पुढचं विचारलं.

“तिथे करशील काय तू?”

“माहीत नाही.”

“अगदीच?”

“अगदीच. घाबरलोय थोडा.”

ती हसली. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात, पण हसली. मग म्हणाली की बरं, ठेव आता, मला वर जाऊन सांगायचंय, आणि तू जेवलास का. त्याने सांगितलं की नाही जेवलो. जेव मग शहाण्या, असं म्हणून तिनेच फोन ठेवला.

त्याने डबा पिशवीत टाकला. मसुद्याचा कागद कोराच होता, तो तसाच राहू दिला. इथे कुणाला तरी उपयोगी पडला असता. बाकी आवरायला काही नव्हतं. इतके दिवस बसूनही त्या टेबलावर त्याचं म्हणावं असं काही साठलं नव्हतं. दाराशी पोचल्यावर सवयीने मागे वळून तो म्हणाला, “येतो मी.”

“या या,” साहेब मान वर न करता म्हणाले. “जेवून आलात की चढाच्या मुद्द्यावर बसू.” वेलांटीबाईंनी येताना लाल पेन्सिल आणायला सांगितली, शिसं मऊ असलेली.

तो उंबऱ्यावर थोडा थांबला. मघाशी फोनवर म्हणाला होता तोच शब्द होता हा, अक्षरही वेगळं नाही. जाणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, तोही ‘येतो’च म्हणतो, म्हणून त्याला कुणी अडवलं नाही, आणि त्यानेही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. अर्ध्या तासाच्या आत त्याने दोन ठिकाणी तोच शब्द दिला होता. त्यातला एक त्याला पाळायचा होता. भूक लागली होती. रस्ता ओलांडून तो आधी जेवायला गेला.